जेवलात का?

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या शिरेतल्या इंजेक्शनचा आज पहिला दिवस होता. त्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्या होत्या. उघड्या दारातून आतलं सगळं ऐकू येत होतं. सिस्टर एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या हातातली सुई काढत होत्या.

"संपलं तुमचं, आजोबा. चौदा दिवस झाले."

"उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या नाही यायचं. पथ्य मात्र अजून महिनाभर. तळलेलं, तेलकट बंद. आणि उपाशी राहायचं नाही."

"उपाशी राहिलं तर काय होतं?"

"कितीदा सांगू? या औषधानं कधीकधी पित्त दाट होतं. त्यात पोट रिकामं ठेवलं, तर ते पिशवीतच साचतं. थोडं थोडं खा, पण वेळेवर."

"वेळेवर म्हणजे कधी?"

"अहो, घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला तुमचा, आणि वेळ मी सांगू?"

"सांगा की."

"आठला, एकला, पाचला, आणि रात्री झोपायच्या बरंच आधी. आज जेवलात का?"

"जेवलो. मऊ भात, उकडलेली भाजी. तेल चमचाभरच."

"शाबास! या आता."

घड्याळजी बाहेर आले आणि बाकापाशी थांबले.

"तुमचा पहिलाच दिवस का?"

"हो."

"रोज जेवून येत जा. त्या विचारतात."