म्हशीचा पान्हा आणि सोप्रानो सॅक्सोफोन

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधासाठी सहा गिऱ्हाइकं, सहा पेले आणि एक म्हैस होती. बादली कोरडी होती. रांगेत तिसरी उभी असलेली पूर्णिमा ऐकत होती.

“बाळाप्पा, तुझ्या म्हशीनं पान्हा चोरलाय की! आम्ही निघालो पलीकडच्या कट्ट्यावर.”

“थांबा की पावणं! वरातीच्या डीजेनं बिचकलीया ती. भाच्या, मोबाइलवर काय तरी सौम्य लाव.”

“सोप्रानो सॅक्सोफोनचा जॅझ अल्बम हाय, मामा. पर फालतू. मी नेटवर लिवलंय बी, ऐकून झोप येती म्हणून. पाचात एक तारा दिलाय.”

“मग त्योच लाव! हिला काय नाचवायची हाय व्हय?”

“आयला, ही तर सनई!”

“सनई न्हवं, काका. सॅक्सोफोनच, सरळ नळीचा.”

“नळी ऱ्हाऊ दे, म्हस बघ! कान पाडलं की.”

“धार लागली, मामा!”

“आता किती तारं देतोस?”

“थांबा जरा. ह्यो तुकडा मी न ऐकताच पुढं ढकलला हुता. लई निवांत वाजवलाय की वो! चार देतो.”

“म्हशीला इचारून पाच दे.”

सहा पेले भरले. बादलीत दोन लिटर उरलं.