पांढरं फडकं अन् निळं पानी

...अन् मी हो म्हनलं. तितंच सारं चुकलं पाहा. माह्या दोस्तानं, विन्यानं, पैज लावावी अन् चंचलनं नाई म्हनावं, असं आजपावतर झालं नाई, म्हनून तर दहावीचे दोन इषय अजून तसेच राह्यले, पन ते जाऊ द्या. विन्या म्हने, "चंचले, सोमवारी भोंगा वाजंन. सारं गाव शाळेत पळंन. तू घरात लपून राह्य. कोनाले सापडली नाई, तर माहा नंबर तुले."

आता तुमी म्हनान, नंबर कायचा? भट्टी पाह्याचा. दारूची नाई वो, तिचा नंबर कायले लागते? जैनथच्या रस्त्यानं विद्यापीठ हाय ना, त्याच्या आत अनुभट्टी हाय, लहानशी, वीजगीज बनवत नाई, शिकनारे पोरं तिच्यावर शिकतेत. तर गावातून दहा जनाले गुरुवारी ते दाखवनार व्हते, चिठ्ठ्या टाकल्या, विन्याची निघाली, माही नाई. अन् विन्याले त्या भट्टीचं काय? त्याले वाटते आत गेलं का समोसा भेटते. मले समोसा नाई पाह्यजे. मले फक्त निळं पानी पाह्याचं व्हतं.

ते भट्टी म्हने एका खोल टाक्यात पान्याखाली बसली राह्यते, उन्हाळ्यातल्या म्हशीवानी. अन् चालू झाली का तिच्या आंगाभवतालचं सारं पानी निळं पेटते. आत बल्ब नाई, रंग टाकला नाई, निळं. हे मले प्रीती मॅडमनं सांगलं. प्रीती मॅडम म्हंजे तिथल्या सेफ्टीवाल्या, आदिलाबादच्याच, मास्तराची पोरगी, डोक्शावर पिवळं हेल्मेट, अन् ते आमच्या गावात चहा पेतानाबी काढत नाई, आता आमच्या गावात डोक्शावर काय पडनार हाय, चिंचा? पन मी गेलीच इचाराले. म्हनलं, "मॅडम, निळंच काऊन? हिरवं काऊन नाई?" तं मॅडम म्हने, "अगं, पाण्यात उजेडाचा वेग कमी होतो. आणि भट्टीतून सुटलेले बारीक कण पाण्यातल्या त्या उजेडाच्याही पुढे पळतात. तेव्हा तो निळा उजेड पडतो."

उजेडाच्या फुडं पळते. सांगा बरं आता. मी जेवताना तेच इचार करून राह्यली, हातात भाकर तशीच, तं बाप म्हने, "काय झालं वं, भाजीत केस निंघाला का?"

यंदा त्या भट्टीची सारी डागडुजी काढली म्हने. जुनी तारं काढली, नवं जनरेटर आनलं, एक पंप बंद पडला तं दुसरा, दुसरा पडला तं तिसरा. मी म्हनलं, "अन् तिसराबी पडला तं?" मॅडम म्हने, "तरी चालतं, भट्टी इतकी लहान आहे की टाकीतलं पाणीच तिला थंड ठेवतं." म्हनलं, "मंग तिसरा घेतलाच काऊन?" मॅडम हासल्या. म्हने, "तू आमच्या तपासणीवाल्यांची कोण लागतेस?" आता एवढं इचारनाऱ्या पोरीची चिठ्ठी निंघू नाई अन् विन्याची निंघावी, हा काय न्याव हाय?

अन् नवा भोंगा. त्याच्यासाठी मोठी मीटिंग झाली शाळेत. मायकवर पयले तेलुगूत सांगलं, मंग हिंदीत, मराठीचा नंबर येवस्तोवर आर्धे लोकं बकऱ्या आनाले निंघून गेल्ते. मॅडम म्हने, "काही होणार नाही, पण झालंच तर काय करायचं ते हाताला सवय हवी. भोंगा वाजला की दारं लावायची, शाळेत यायचं. निघताना दाराला पांढरं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की आमच्या माणसांना समजेल, घर रिकामं आहे, पुढे चला. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या दाराला काही बांधू नका, तिथे अँबुलन्स थांबेल."

आमच्या गल्लीतली भागाबाई उठली. "मॅडम, म्हंजे सारं गाव चोराले लेखी देऊन राह्यलं, घरी कोनी नाई, या म्हनून?"

मॅडम म्हने, "पोलीस असतील ना बाई."

"मंग तं सोनं सोबतच न्या लागंन," म्हने भागाबाई, अन् खाली बसली.

तं सोमवारी वाजला भोंगा. मायवो, काय तो आवाज, पयले पोटात वाजते, मंग कानात. गाव निंघालं. भागाबाई गळ्यात पोत अन् काखेत कुकर घेऊन, अमृतराव बकरीले वढून राह्यला, बकरी अमृतरावाले. माह्या बापानं दुकानाचं शटर वढलं अन् घराच्या दाराले आपली बनियान बांधली. मी म्हनलं, "बाबा, हे पांढरी हाय?" तं म्हने, "घेतली तवा व्हती." मी म्हनलं तुमी व्हा फुडं, मी विन्यासोबत येते, अन् मांगच्या दारानं परत घरात, गाद्याच्या चळतीमांग.

तिथून आयकून राह्यली. जीप आली. मंडल हापिसातले भगवंतराव वरडत व्हते, "पांढरं हाय, घर खाली. फुडं. पांढरं... हे काय हाय, बनियान? चालते, चालते, खाली. फुडं." गेली जीप. मले कोनी पाह्यलं नाई. जिकली ना मी.

मंग सारं चिप्प झालं. तुमी कधी आयकलं का वो, गावात मानूस नसला तं गाव कसं वाजते? नळ टपकते ते आयकू येते. पत्रा उन्हानं कडकड करते. कुत्रं गल्लीतून जाते त्याचे नखं वाजतेत. मी खुशीत. मनात म्हनलं, इकडं टाकं, तिकडं मी, मंधात निळं पानी.

तेवढ्यात भितीपलीकडून आवाज आला, "आली का वं गाडी?"

बाबाराव आबाजी. आमची अन् त्यायची भित एकच. मले वाटलं बोलले असन आपल्याशीच, म्हातारे मानसं बोलतेत. मी चिप्प. परत आवाज, "कोनी हाय का? गाडी आली का?" आता सांगा, ओ दिली तं पैज गेली. ज्याले चालता येत नाई त्याले अँबुलन्स नेते, असं मॅडमनंच सांगलं ना, मंग नेईन. मी गादीचा कोपरा दातात धरला. मले फक्त निळं पानी पाह्याचं व्हतं, बाकी काई नाई.

अन् मंग धप्प झालं.

गेली मंग. काय करता? मांगच्या आंगनातून उडी मारून गेली. आबाजी बाजेवरून पडून खाली बसलेले, नवं धोतर, कोट, टोपी, गळ्याले पावडर, बाजूले पिसवी. म्हनलं, "आबाजी, लागलं का?" तं म्हने, "लागलं नाई. गाडी गेली का ते सांग." कंबर मोडल्यापासून त्या मानसानं उंबरा वलांडला नाई. अँबुलन्समंदी बसाले भेटंन म्हनून सकाळपासून दाढी करून बसला व्हता. मी समोरचं दार उघडलं, पाह्यते तं काय, कडीले पांढरं फडकं, चांगलं दोन गाठी मारून.

मंग पळाली. अनवानी, जीपच्या मांग, "वो थांबा, मानूस हाय घरात," अन् गल्लीच्या टोकावर विन्या दात काढून हासून राह्यला, "निंघाली भाईर, हारली." हारली तं हारली.

अँबुलन्स आली, आबाजीले उचललं. शाळेत उतरवलं तवा नवरदेवावानी दोन्ही हातानं रामराम करून राह्यले सारे लोकाइले. पन प्रीती मॅडमचं तोंड उतरलं. म्हने, "फडक्याचा नियम मीच लिहिला. खरंच काही झालं असतं तर हे घरातच राहिले असते." मंग माह्या पाठीवर हात ठेवला. "चंचल, गुरुवारी गाडीत माझ्या शेजारची एक जागा आहे. तू चल पाणी बघायला."

तुमाले सांगते, माहे पाय जमिनीवर नव्हते.

अन् तवाच भागाबाईनं तोंड उघडलं. "मॅडम, ते फडकं कोनं बांधलं तेबी हिलेच इचारा ना. पोलिओच्या टायमाले अख्ख्या पारावरच्या बुढ्याइच्या बोटाले हिनंच शाई लावली व्हती. देवळाच्या मायकातून भोंग्याचा आवाज काढून मले उसाच्या वावरापावतर पळवलं हिनं."

लोकं हाव हाव म्हनाले लागले. विन्या बिचारा मले वाचवाले उठला, म्हने, "नाई वो मॅडम, ती कशी बांधंन, ती तं मुद्दाम घरातच लपली व्हती." झालं. बस खाली, बस विन्या.

मॅडमनं पयल्यांदा हेल्मेट काढलं. "चंचल, खरं सांग. तू बांधलंस?" म्हनलं, "नाई." म्हने, "कोणी बांधलं ते समजेपर्यंत तुझं गुरुवारचं नको." आता माही खोडी अस्ती तं मी मस्त खोटं बोलली अस्ती, तेवढं येते मले. खरं कसं बोलाचं का लोकं आयकतीन, हे कोनी शिकवलंच नाई ना. सारे माह्याकडं पाहून राह्यले, माहा बापबी, बिगर बनियानचा.

कोपऱ्यात बायाइच्या रांगेत आबाजीची बायको बसली व्हती, द्वारकाआजी. तिच्या फुडं उपम्याची पत्रावळ. तिनं उपमा सारा खाल्ला. बोटं चाटले. हात धुतला. पदराले पुसला. अन् म्हने, "मी बांधलं."

सारी शाळा तिच्याकडं वळली.

"पोरीले काऊन बोलता? मी बांधलं. यायच्याच जुन्या धोतराचं हाय. यायची कंबर मोडली तवापासून मी कुठी गेली? मंचेरियलले भावाच्या पोरीचं लग्न झालं, गेली का? उटनूरले बहीन बिमार, गेली का? रातंदिवस पानी दे, उशी दे, पाय चेप, खिडकी लाव, खिडकी उघड. भोंगा वाजला, सारं गाव निंघालं. म्हनलं आपनबी एकटं जाऊ. घंटाभर. खोटं खोटंच तं हाय सारं. बायाइत बसू, आयता उपमा खाऊ, कोनी हाक मारनार नाई."

आबाजी स्ट्रेचरवरून मान उचलून पाहून राह्यले. मले वाटलं आता शिवी घालतीन. तं म्हने, "अवं, पन सांगून तं जाचं."

"सांगलं अस्तं तं तुमीबी आले अस्ते," म्हने द्वारकाआजी.

पयले भागाबाई हासली, मंग सारी शाळा, मंग खुद्द आबाजी, इतके का टोपी पडली. मॅडम हासल्या नाई. डोळे पुसून म्हने, "चंचल, तुझी जागा पक्की." अन् मंग आजीकडं पाह्यत राह्यल्या, लय येळ. मले समजलं वो. जागा एकच व्हती, अन् मॅडमच्या तोंडातून निंघत नव्हतं.

म्हनलं, "आजी, तू जाय."

म्हने, "मी? अन् यायच्याजवळ कोन बसंन?"

आबाजीनं माह्याकडं बोट दाखवलं, "हे हाय ना. भितीपलीकडंच राह्यते."

तं आज गुरुवार. द्वारकाआजी नवं लुगडं नेसून निळं पानी पाह्याले गेली, मॅडमच्या बाजूले बसून, डोक्शावर पिवळं हेल्मेट. मी बसली आबाजीजवळ. पानी दिलं, उशी दिली, पाय चेपले, खिडकी लावली, खिडकी उघडली, परत लावली, परत पानी. तिले जाऊन घंटाभरबी झाला नाई, अन् तुमाले सांगते, ते फडकं दोन गाठी मारून काऊन बांधलं व्हतं, ते मले चांगलं समजून राह्यलं.