हौसाक्काची जागा

बसा मंडळी, सरकून बसा. मी तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, त्यामुळे आत अजून किती माणसं मावतात हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. ते खांबाला टेकलेले काका, तुम्ही झोपलात तरी चालेल, फक्त घोरताना ताल सोडू नका.

आता पूर्वरंग झाला, अभंगाचं निरूपण झालं, तुम्ही माना डोलावल्या. कळलं किती, ते तो वर बसलेला जाणे. आता मी साधा प्रश्न विचारतो. माणूस देवावर रुसला तर त्याला परत कोण आणतं?

तुम्ही म्हणाल, देवच आणतो. बरं. देव स्वतः येतो का दारात? आला होता कुणाकडे? हात वर करा. एकही नाही. मग ग्रंथ आणतो? कीर्तनकार आणतो? माझ्याकडं बघू नका, माझी बायको मला भाजी आणायला पाठवते तर मी निम्मी विसरतो, मी रुसलेला माणूस कुठला आणणार.

म्हणून ऐका. गोष्ट नीरेकाठच्या मोरगव्हाणची. पोथीतली नाही. दोन्ही बाया हयात आहेत.

मोरगव्हाणात दत्ताचं देऊळ. देवळासमोर गल्ली, आणि गल्लीपलीकडं पिठाची गिरणी. गिरणी हौसाक्का शेलारांची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून गिरणी तिनं चालवली. अंकुश नावाचा एकच मुलगा, तो मोठा झाल्यावर तिच्या हाताखाली आला. अंगानं दणकट बाई, पदर खोचलेला, भुवया कायम पिठानं पांढऱ्या. आणि गळा? काय सांगू. दर गुरुवारी संध्याकाळी देवळात बायकांचं भजन असायचं, ती पुढं बसायची. तिनं पहिला सूर लावला की बाहेर चकाट्या पिटणारे पुरुष गप्प व्हायचे. पुरुष गप्प होणं हा केवढा चमत्कार, इथल्या बायकांना विचारा.

तिच्या शेजारी पेटीवर कुमुद साबणे. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं, कारण हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेल्या. एकट्या राहायच्या. आणि मंडळी, कानात सांगतो, बाईंचा देवावर विश्वास नव्हता. अजिबात. गाभाऱ्याकडं हात जोडायच्या नाहीत. प्रसाद मात्र घ्यायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "साखरेबद्दल माझी काही तक्रार नाही."

असली बाई देवळात कशी चालली? अहो, पंचक्रोशीत तशी पेटी कुणाला येत नव्हती. आपलं गाव धर्माला फार पक्कं असतं, पण चांगला पेटीवाला मिळाला की थोडं मऊ होतं.

दोघींची मैत्री जमली तीही गिरणीत. नवीन नवीन बदलून आल्या तेव्हा बाई दळण घेऊन गेल्या होत्या. गिरणी घरघरतेय, हौसाक्का जात्यावरच्या ओव्या म्हणतेय. बाई ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमची मोटार काळी एकमध्ये वाजते. आणि तुम्ही बरोब्बर तिच्या सुरात गाताय. कुणी शिकवलं?"

हौसाक्का म्हणाली, "मोटारीनंच."

झाली मैत्री. पंचवीस वर्षं टिकली. एक म्हणायची, सगळं दत्तानं दिलं. दुसरी म्हणायची, मग वीजबिल पण त्यालाच पाठव. भांडायच्या, हसायच्या, आणि गुरुवारी शेजारी बसायच्या.

आता इथून जरा शांत ऐका.

दोन वर्षांमागच्या श्रावणात अंकुशला ताप आला. सव्वीस वर्षांचा मुलगा, पोतं एका हातानं उचलणारा. डेंगू निघाला. तालुक्याला दवाखान्यात ठेवला. डॉक्टरांनी जिवापाड केलं, रक्त चढवलं. हौसाक्का नऊ दिवस उशाशी बसून होती. तिच्या आईनं रचलेलं एक दत्ताचं पद होतं, 'बैस रे घडीभर, औदुंबराच्या सावलीला.' ते रोज त्याच्या कानाशी म्हणायची. नवव्या दिवशी मुलगा गेला. वार कोणता होता? गुरुवार.

घरी आल्यावर तिनं भिंतीवरची दत्ताची तसबीर उलटी केली. काढली नाही, फेकली नाही. तोंड भिंतीकडं केलं. म्हणाली, "मी एवढं बैस बैस म्हणलं, त्यो बसला न्हाई. आता मला त्याचं त्वांड बघायचं न्हाई."

मग आले आपल्यासारखे. समजूत घालणारे. एक म्हणाली, देवाची मर्जी. दुसरी म्हणाली, चांगल्या माणसांची गरज देवालाही असते. हौसाक्का म्हणाली, "मग तुमचा पोरगा का न्हाई मागितला त्यानं?" ती बाई चप्पल न घालताच गेली. तिसरा आमच्यातलाच, कीर्तनकार. त्यानं पूर्वजन्माचं कर्म काढलं. त्याला तिनं काय ऐकवलं ते मी इथं माईकवर सांगू शकत नाही, पण प्रत्येक शब्द त्याच्या लायकीचा होता.

तेव्हापासून तिच्यासमोर देवळाचं नाव काढायची सोय राहिली नाही. कुणी काढलं तर दळण तसंच परत. आणि गुरुवारी भजनाची वेळ झाली की ती गिरणी सुरू करायची. दळण असो नसो. पट्ट्याची फटफट, मोटारीची घरघर. समोर देवळात स्पीकर लागायचा आणि इकडं गिरणी. भजनाचा एक शब्द कानावर पडू नये म्हणून हौसाक्का तासभर त्या आवाजात उभी राहायची.

कुमुदबाई काय करत होत्या? त्या रोज गिरणीत जायच्या. डब्यात दोन किलो गहू घेऊन. एकट्या बाईला रोज दोन किलो पीठ. करायचं काय त्याचं? घरातले डबे भरले, पातेली भरली, शेवटी शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींना पोळ्या मिळायला लागल्या. बाई जायच्या, पोत्यावर बसायच्या, दळण होईपर्यंत बसून राहायच्या. देवाचं बोलायच्या नाहीत, कारण देवाचं बोलायला त्यांच्याकडं काही नव्हतंच. अंकुशचं बोलायच्या. त्याला नववीत गणितात नापास केला होता, तेव्हा त्यानं बाईंच्या सायकलची हवा सोडली होती, ते सांगायच्या. हौसाक्का कधी हसायची, कधी रडायची. साऱ्या गावात तिला तेवढ्याच एका माणसाचं येणं सोसत होतं.

इकडं देवळात काय झालं? दोन गुरुवार भजन मुकंच गेलं. तिसऱ्या गुरुवारी मंडळाच्या अध्यक्षा मालनबाई निंबाळकरांनी विषय काढला. मालनबाई वाईट नव्हत्या. त्यांना मंडळ चालवायचं होतं. "फलटणची एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या, "रेडिओवर गाते. दर गुरुवारी यायला तयार आहे."

बायका म्हणाल्या, बोलवा.

कुमुदबाई म्हणाल्या, "नको. हौसाच्या जागी मी गाईन."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कारण मंडळी, बाईंचा गळा. देवानं बोटात सगळं ओतलं आणि गळ्याशी आला तेव्हा भांडं रिकामं झालं असावं. पस्तीस वर्षं पोरांवर ओरडून जे उरलं होतं, त्याला आवाज म्हणायचं ते केवळ आदर म्हणून.

मालनबाईंनी सांभाळून विचारलं, "पण बाई, तुम्हाला गाता येतं?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "चांगली गाणारी बसली तर महिन्याभरात तुम्ही हौसाला विसराल. तिची जागा जाईल. मी बसले तर प्रत्येक गुरुवारी तुम्हाला तिची आठवण येईल. आणि एक, हे तिला कुणी सांगायचं नाही."

आता ही बाई कोण, ते ध्यानात घ्या. दुसऱ्याचा सूर पाव हिश्श्यानं हलला तर पेटी थांबवणारी. आयुष्यात एकही बेरीज न चुकलेली. ती दर गुरुवारी स्पीकरसमोर बसून बेसूर गायला लागली. पोरं पारावर बसून नक्कल करायची. एक म्हातारा तर म्हणाला, दत्ताच्या पायाशी चार कुत्री का असतात ते आज कळलं, ती या आवाजाला आलेली आहेत. बाईंना सगळं ऐकू जायचं. आपण किती चुकतोय हे त्यांच्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. तेरा गुरुवार त्या तशाच बसल्या.

आणि हौसाक्का? तिला वाटत होतं, फलटणची बसली आपल्या जागी. तो विषय उडत उडत तिच्या कानावर गेला होता. एकदा ती कुमुदबाईंना म्हणाली, "नवी चांगली गात असंल." बाई म्हणाल्या, "माझ्या मते फार वाईट गाते." हौसाक्काला वाटलं, मैत्रीण आहे, मन राखायला बोलते.

तेराव्या गुरुवारी मी मोरगव्हाणात होतो. दत्तजयंतीच्या कीर्तनाची तारीख ठरवायला गेलो होतो. देवळात बसलो. कुमुदबाईंनी तोंड उघडलं आणि, खोटं कशाला सांगू, मला वाटलं आपण आपलं कीर्तन दुसऱ्या गावाला द्यावं. समोरून गिरणीची घरघर. आत हा आवाज. हौसाक्काच्या आईचं तेच पद चाललेलं.

आणि वीज गेली.

स्पीकर बंद. दिवे बंद. आणि गल्लीपलीकडं गिरणीचा पट्टा फट फट करत थांबला. दिवस नुकता मावळला होता. गल्लीत एकदम इतकं शांत झालं की समईची वात फुरफुरलेली ऐकू येत होती. बायकांनी टाळ थांबवले. कुमुदबाई थांबल्या नाहीत. पद अर्ध्यात सोडायचं नाही, हा हौसाक्काचाच नियम. त्यांनी तसाच, माईकशिवाय, तो फाटका आवाज लावला, 'औदुंबराच्या', आणि तिथं चढायला गेल्या आणि आवाज चिरकला. पुन्हा लावला. पुन्हा चिरकला.

तो सगळा गिरणीत ऐकू गेला.

मी दाराशी होतो म्हणून मला दिसलं. गिरणीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. तिनं कान दिला. मग गल्ली ओलांडली. चप्पल काढली नाही. देवळाच्या पहिल्या पायरीशी आली आणि थांबली.

"बाई," ती म्हणाली, "तुमी गाताय?"

कुमुदबाईंनी पेटी थांबवली. "हो."

"ती फलटणची कुठाय?"

"आलीच नाही कधी."

  मालनबाईंचा हात टाळासकट हवेत राहिला होता. हौसाक्का म्हणाली, "तितं खाली उतरायचं असतंय. वर कुठं निगालाय तुमी?"

"मला उतरता येत नाही," कुमुदबाई म्हणाल्या. "तू उतर."

"मी आत येनार न्हाई. त्याचं त्वांड बघनार न्हाई."

"मग बघू नकोस. मी इतकी वर्षं कुठं बघतेय?"

हौसाक्का पायरीवर बसली. देवाकडं पाठ करून, तोंड गल्लीकडं. मालनबाई हळूच म्हणाल्या, "अगं, देवाकडं पाठ?" कुमुदबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं नापास पोराकडं बघायच्या. 

पेटीनं सूर दिला. हौसाक्कानं उचलला. तीन महिने न गायलेला गळा, पीठ बसलेला. खरखरत निघाला, पण जागेवर होता. 'बैस रे घडीभर' म्हणाली, आणि पुढचा शब्द येईना. मान खाली गेली. खांदे हलायला लागले. आवाज करून रडली नाही. नुसती हलत होती.

आपण असतो तर काय केलं असतं? धावलो असतो, पाणी दिलं असतं, पुरे म्हणालो असतो. कुमुदबाईंनी सूर सोडला नाही. डाव्या हातानं भाता हलत होता आणि उजव्या हाताचं एक बोट एका पट्टीवर. एकच सूर. एवढंच, की मी इथं आहे, तुला हवा तेवढा वेळ घे. बाईंचा हात भरून आला असणार, सत्तरी जवळ आलेली. बोट हललं नाही.

आणि मग पायरीवरून पुढचा शब्द आला. ती उतरली. जिथं उतरायचं होतं तिथं, अशी उतरली की मंडळी, मी तीस वर्षं घाटात गाडी उतरताना बघितलीय, पण तसं काळीज हातात धरून कुणी उतरलेलं बघितलं नाही.

मध्येच वीज आली. स्पीकर खरखरला. मालनबाई उठल्या आणि त्यांनी तो बंद केला. समोर गिरणीची मोटार आपोआप सुरू झाली नाही, कारण तिचं बटण हौसाक्का येतानाच बंद करून आली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग तिचा राग गेला, ती देवळात आली, पायावर डोकं ठेवलं. गोड शेवट हवा असतो तुम्हाला. नाही झालं तसं. मी दत्तजयंतीला कीर्तनाला गेलो तेव्हा ती माझ्यामागं टाळकऱ्यांत होती, पण गाभाऱ्याकडं पाठच. मी विचारलं, "हौसाक्का, देवाशी जमलं का?"

म्हणाली, "न्हाई. आमचं बोलनं न्हाई अजून. पर गान्यानं काय घोडं मारलंय?"

मग मी कुमुदबाईंना चिडवलं. म्हणालो, "बाई, तेरा गुरुवार दत्ताचं पद गायलात. बसला का विश्वास?"

बाई पेटी पुसत होत्या. म्हणाल्या, "हौसावर होताच."

 मी निरूपणाची वही मिटली.

तर मंडळी, आता माझा प्रश्न तुमच्याकडं वळवतो. तुमच्या गल्लीत एखादं घर असं असेलच. तिथं जाऊन 'देवाची मर्जी' म्हणून आलात ना? चहा पिऊन आलात. पुन्हा गेला होता? दहाव्यानंतर? महिन्यानं? आणि त्या माणसाची जी जागा होती, भजनातली, पारावरची, पत्त्यांच्या डावातली असली तरी, ती कुणी राखली की दुसरा बसवून मोकळे झालात? आपल्याला भक्तीचं फार कळतं. त्या नास्तिक बाईला फक्त मैत्रिणीचं कळत होतं. आता देवानं दोघांतल्या कुणाला जवळ करावं, हा त्याचा प्रश्न, पण मी त्याच्या जागी असतो तर मला माझी थोडी काळजी वाटली असती.

घ्या टाळ हातात. ते काका, उठा आता. नाम घ्यायचंय. ज्याला म्हणवेल त्यानं म्हणा. ज्याचा देवावर राग आहे त्यानं गप्प बसा, त्याचा तो हक्क आहे. मात्र त्याच्या शेजारी जो बसलाय, त्यानं दोघांच्या वाट्याचं म्हणा.