पिशवीतलं कार्ड

तासगावहून सांगलीला निघालेल्या एसटीत विश्वजितसाहेब टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. मागच्या सीटवर त्यांच्याच ऑफिसातला राजरत्न आणि तिथं चहा करणारी बनाबाई. साहेब पुढं बसलेत, हे राजरत्नच्या गावीही नव्हतं.

"सर्व्हरमधली माहिती झटक्यात कुलूपबंद करणारं कार्ड आलंय, मावशी. काल त्याचा ड्रायव्हर टाकला."

"म्हंजी?"

"कार्डाकडनं काम करून घेणारा प्रोग्राम."

"मग बेस चालतंय न्हवं?"

"साहेब म्हणाले, वाऱ्यासारखं पळतंय. सगळ्यांना बोलवून दाखवलं."

"मग तोंड का पाडलंयस?"

"कार्ड अजून ह्या पिशवीतच हाय."

"म्हंजी गाडीवान बसवला आन् बैल गोठ्यातच?"

"व्हय. आज गुपचूप बसवतो."

"नगं रं. बसवलंस तर म्हणतील, कालच बरं पळत हुतं."

पुढची टोपी आणखी खाली सरकली.

विश्रामबाग आलं. राजरत्न पिशवी सावरत दाराकडं गेला. बनाबाईनं उठता उठता पुढच्या सीटवर टकटक केलं.

"उठा साहेब. आन् त्ये कार्ड बसवायचं का न्हाई, आता तुमीच सांगा त्येला."