चौदा नंबर, पंधरा नंबर

– नाही गं पोरी, तिकिटांच्या यादीत पुन्हा एकदा बघ, नदीन हॅल्वरसन, माझ्या शेजारची – आम्ही दोघी एकत्रच, चौदा आणि पंधरा, जुन्या मैदानावर तीस-बत्तीस वर्षं तरी – हो, तेच, धान्याच्या कोठारांमागचं, आता पाडायला काढलंय ते – आणि फुटबॉल कॉलेजच्या आवारात यावा, नवं स्टेडियम व्हावं म्हणून चर्चच्या जेवणात भांडलं कोण? मीच! नदीन म्हणायची, "आर्लिस, बस कर, सूप गार होतंय." – ही नमुन्याची खुर्ची वाटतं? बसू? तूही बस की शेजारी, तिकिटं काय पळून जातायत – हं, मऊ आहे. पण मध्ये हा हात कशाला? पेला ठेवायला? अगं, मग घोंगडी कशी घ्यायची दोघींत? बाकावर कसं, नोव्हेंबरच्या बर्फात गुडघ्याला गुडघा, वरून एकच घोंगडी, आत नदीनची पेपरमिंटच्या दारूची चपटी बाटली – हे तू ऐकलं नाहीस हं. – काय? सापडली? वर म्हणजे कुठे? त्या काचेच्या खोल्यांत?

– छे, तिथे बँकवाले बसतात. – तिच्या जावयाने खोली घेतली? मार्चमध्येच? अगं, आता ऑगस्ट आलाय, दर रविवारी माझ्या शेजारी बसून प्रार्थना म्हणते ही बाई, आणि एक अक्षर नाही! परवा मी विचारलं, नव्या जागेत आपल्या डोळ्यांवर ऊन येईल का गं, तर म्हणते कशी, "बघू." बघू! वरून, काचेतून, माझं डोकं बघणार! तिच्या ऑपरेशनच्या वर्षी मी एकटी गेले, पंधरा नंबरवर तिचा जुना कोट पसरून – कुणी विचारलं की सांगायचे, आत्ताच संडासला गेलीय. सगळे सामने बाई संडासातच! हसले लोक, हसू देत – जागा सोडली का मी? आणि खरं सांगू, मला हा खेळ अजून कळत नाही – हो, हो, इतकी वर्षं जाऊन – पोरं एकमेकांवर पडतात, शिटी वाजते, नदीन उठली की मी उठते, ती ओरडली की मी ओरडते – आता कुणाकडे बघून उठू?

– एकच तिकीट? नको, एक नको मला. – ते काय भिंतीला टेकवलंय, जुन्या बाकांच्या फळ्या? आठवण म्हणून देताय? मग चौदा-पंधरा दे, अखंड, मध्ये कापू नका. – कापली? कुणाच्या सांगण्यावरून? – नदीन येऊन गेली? बघ! बघ, स्वतःचा तुकडा तेवढा सोडवून नेला, आणि मी इथे – काय? चौदा? नीट बघ पोरी, चौदा माझा. तिचा पंधरा. – चुकून नाही? तिने चौदाच मागितला?

– बरं, तो पंधरा दे इकडे. पिशवी नको, अशीच नेते. आणि तो वरचा दिवा घालव आधी, डोळ्यांना लागतोय.