ओरिजनलचा बाप

मारेगावचं एटीएम बंद पडलं होतं. मेकॅनिकनं ते उघडलं, तशी रांगेतल्या मोतीबाईंनी आत मान घातली.

"आतला पंखा जळला," मेकॅनिक म्हणाला. "कंपनीचा यायले आठवडा लागते. लोकल टाकला तर आत्ताच चालू होईन."

"ओरिजनलच टाका साहेब!" मागून धरमसिंग दुकानदार गरजला. "लोकल माल म्हणजे कचरा!"

"काहून भाऊ? माह्या कूलरले तर तुम्हीच लोकल पंखा देला. म्हणे, ओरिजनलचा बाप हाय."

"मावशी, कूलरची गोष्ट अलग."

"पण शेठ," मेकॅनिक म्हणाला, "इथं हा पंखा तुमच्याच दुकानात भेटते."

"मंग टाका न बिनधास्त! ओरिजनलचा बाप हाय!"

मोतीबाईंनी पिशवी काखोटीला मारली.

"मी ओरिजनल आल्यावरच येतो. बाप माह्या घरी होळीले आला अन् पाडव्यालेच वारला."