तिकीट रद्द करायची खिडकी

रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिचा मुलगा होता. मुलाच्या हातात तिचं परतीचं तिकीट होतं.

"आई, नक्की ना? रद्द केलं की उद्याची गाडी गेली."

"कर की. राजधानीचं शहर आहे बाबा, नळाला दिवसभर पाणी असतं."

"मग काल डोळे का पुसत होतीस?"

"इथे कुणी कुणाला ओळखत नाही रे. नको, जातेच मी."

"आई!"

"परवा मजला चुकून वरच्यांच्या घरात शिरले, तर त्या बाईंनी चहा पाजला. दोन तास सोडेचनात."

"म्हणजे राहायचंय?"

"अकरा वर्षं झाली त्यांना इथे. म्हणाल्या, न बोलावता आलेल्या तुम्हीच पहिल्या. अकरा वर्षांत कुणीच नाही रे!"

"म्हणजे जायचंय?"

"तुला रे? तुला आवडतं का इथे?"

"नोकरी आहे, घर आहे."

"ते महिनाभर बघतेय. आवडतं का?"

"आता माझं काय मध्येच?"

खिडकीतला कारकून वैतागला. "रद्द करायचंय की नाही?"

मुलाने पुढे केलेलं तिकीट पुन्हा मागे घेतलं.

"तुम्ही व्हा पुढे, ताई," आई मला म्हणाली. "याचं काही अजून ठरत नाहीये."